वकीलसाहेबांचं पिल्लू आणि पद्माक्का

कोल्हापुरात खोली शोधताना मी एक गोष्ट शिकले होते. आडनाव आधीच सांगून टाकायचं. मागाहून सांगितलं की समोरच्या माणसाला एकदम आठवतं, खोली पुतण्यासाठी राखून ठेवलीय. चार घरांत असे चार पुतणे निघाले होते. त्यामुळे पाचव्या घराच्या दारात उभी राहिले तेव्हा एका दमात म्हटलं, "कांबळे. कबनूरची. बौद्ध. इतिहासात एम. ए. झालेय, कॉलेजात तासिकेवर शिकवते. घरातली पहिली शिकलेली मीच."

समोर साठीच्या पुढची, बुटकी, फिक्या सुती साडीतली बाई होती. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "खिडकीच्या काचा पुसतीस?"

मी म्हटलं, "पुसते की. रोज."

"मग न्हाय जमायचं. चकचकीत काचंवर पाखरं आपटत्यात. धूळ राहू द्यायची. कबूल आसंल तर वर जाऊन खोली बघ."

मी जिना चढायला लागले तर खालून आवाज आला, "आणि मटण-अंडं वर शिजवायचं न्हाय. बाहेर खा, पोटभर खा. मी काय वास घ्यायला येत न्हाय."

असं माझं पद्माक्कांच्या घरात जाणं झालं. सहा वर्षं राहिले. काच एकदाही पुसली नाही.

आक्कांचं माहेर निपाणीकडचं, घराणं जैन, शेती आणि व्यापारातलं. त्यांचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा अजितदादा मार्केट यार्डाजवळ शेतीच्या औषधांचं दुकान चालवायचा, म्हणजे पिकांवर फवारायच्या औषधांचं. घर साधंच, खाली तीन खोल्या, वर माझी एक. पण मागं चार-पाच गुंठ्यांची बाग होती आणि आक्कांचा सगळा जीव तिथं. बाग म्हटल्यावर हिरवळ, गुलाबाची आळी वगैरे डोळ्यांपुढं आणू नका. लिंबू, कढीपत्ता, पेरू, जास्वंद, एक वेडंवाकडं शेवग्याचं झाड आणि खाली न झाडलेला पाचोळा. आलेला माणूस म्हणायचा, "आक्का, माणूस लावा की झाडायला." आक्का म्हणायच्या, "माणसं बसत न्हाईत तिथं. जी बसत्यात त्यांची तक्रार न्हाय."

मला त्या ‘तंगी’ म्हणायच्या. त्यांच्या माहेरी, सीमेपलीकडं, धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. पहिल्या महिन्यात मी त्यांना ‘मॅडम’ म्हणत होते. "कुठली मॅडम? मी काय शाळंत शिकवतो व्हय?" असं त्यांनी एकदा फटकारल्यावर मी ‘आक्का’ म्हणायला लागले. (आमच्याकडच्या बाया बोलताना ‘करतो, जातो’च म्हणतात. आक्काही तशाच.)

पक्षीनिरीक्षक वगैरे त्या नव्हत्या. दुर्बीण नव्हती, पुस्तक नव्हतं. सकाळी पूजा आटपली की मागच्या पायरीवर बसायच्या आणि नुसतं बघायच्या. हात मांडीवर, मान जागच्या जागी, तासतासभर. इतकं स्वस्थ बसलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आमच्या घरी बसलेलं माणूस म्हणजे आजारी माणूस. माझे वडील, आप्पा, मागावर उभे, आई सुताच्या कांड्या भरायला, मी अभ्यासाला. म्हणून सुरुवातीला मला त्यांचं ते बसणं म्हणजे सुखवस्तू माणसाचा रिकामा वेळ वाटायचा. तसं मी एकदा तोंडावर बोलूनही दाखवलं. आक्का म्हणाल्या, "रिकामं बसून बघ की अर्धा तास. मग सांग." मी दहा मिनिटांत उठले.

पाखरांची नावं त्यांनी स्वतःच ठेवली होती. सातभाईंचा कलकलाट सुरू झाला की म्हणायच्या, "झाली म्युन्शिपाल्टीची मीटिंग सुरू." भारद्वाज पेरूखालून जड पावलं टाकत निघाला की, "पाटील निघाले बांधावरनं." आणि दयाळ म्हणजे वकीलसाहेब. काळा कोट, आत पांढरा सदरा, शेपटी ताठ. फेब्रुवारी संपत आला की ते शेजारच्या गच्चीवरच्या डिश अँटेनावर बसून जी शीळ घालायचे, ती ऐकून आक्का मला जिन्यातून हाक मारायच्या, "तंगी, कोर्ट भरलं. ऊठ."

पाखरांना त्या दाणे टाकत नसत, हे ऐकून सगळ्यांना नवल वाटायचं. "दाणं टाकलं की पारवं येत्यात न् बाकीच्यांस्नी हाकलून देत्यात. झाडं हायत न्हवं? त्यांचं त्यांनी शोधून खावं." पाणी मात्र ठेवायच्या, मातीच्या तीन पसरट परळांत. आणि ते पाणी फडक्यानं गाळलेलं असायचं. त्या स्वतः गाळल्याशिवाय घोटभर पाणी प्यायच्या नाहीत, दिवस बुडाल्यावर काही खायच्या नाहीत, कांदा-लसूण नाही, कंद नाही. पण पाखरांसाठीही पाणी गाळायचं म्हणजे फारच झालं. शेजारचे खोतकाका भिंतीवरून डोकावून चेष्टा करायचे. "काय आक्का, पाखरं बी बस्तीत जायाला लागली व्हय, गाळीव पाणी प्यायला?" बस्ती म्हणजे त्यांचं जैन मंदिर.

आक्का फडकं पिळत म्हणायच्या, "पाखरं जाईनात. पाणी माझ्या हातनं चाललंय."

आणि अजितदादाशी त्यांचं वाजायचं ते लिंबावरून. दर पावसाळ्यात लिंबाला अळी पडायची, पानं कुरतडून चाळण व्हायची. दादा म्हणायचा, "आव्वा, एक फवारा मारतो. चार दिवसांत झाड कसं तरारून येतंय बघ."

"तुझ्या दुकानातला डबा ह्या घरात आणायचा न्हाय."

"त्याच डब्यावर घर चाललंय."

"ते बी मला ठावं हाय," आक्का म्हणायच्या. ते त्यांना खरंच टोचत असलं पाहिजे. पण टोचतंय म्हणून दुकान बंद कर, असंही त्या कधी म्हणाल्या नाहीत. मला त्यांचं हे आवडायचं. आपण शुद्ध आहोत असा आव त्यांच्यात नव्हता.

मी आल्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. जास्वंदीतलं बुलबुलाचं पिल्लू खाली पडलं. आक्कांनी ते उचललं, बांबूच्या टोपलीत कापूस घालून ठेवलं आणि दुधात भात कालवून वातीनं त्याच्या चोचीत घालायला लागल्या. मधे मधे भिजवलेली डाळ वाटून. आजारी लेकराचं करावं तसं सगळं पथ्यानं. पिल्लू तोंड उघडायचं, गिळायचं, पुन्हा उघडायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते टोपलीत ताठ पडलेलं होतं.

मी कॉलेजात प्राणिशास्त्राच्या सरांना सहज विचारलं. ते म्हणाले, अहो, बुलबुलाच्या पिल्लाला दूध-भात कसला घालता? पिल्लाला किडे-अळ्या लागतात. मोठेपणी दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लाला आधी अळ्याच भरवते.

मला वाटलं, ही माहिती आहे, सांगावी. शिकलेल्या माणसाला ही खोड असतेच. संध्याकाळी मी पायरीवर बसून आक्कांना सगळं समजावून सांगितलं. त्या ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "म्हंजे तीन दिस मी त्याला उपाशी मारलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास धरला, पाणीसुद्धा घेतलं नाही. मी पुन्हा त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

त्यानंतर त्यांचं बघणं बदललं. लिंबाच्या पानावरची अळी त्या आधी नुसती असू द्यायच्या. आता तिच्याकडं निरखून बघायच्या, शिंपी पक्षी येऊन ती उचलून न्यायचा तेही बघायच्या. एकदा म्हणाल्या, "अळीला बी जीव हाय, पिल्लाला बी हाय. मी कुणाची बाजू घेऊ? म्हणून मी मधी येत न्हाय. दोघांना जागा देतो न् बसतो." मला वाटलं, झालं, त्यांचं त्यांनी उत्तर काढलं.

मधे येण्याची वेळ आली ती माझ्या शेवटच्या उन्हाळ्यात.

माझ्या न्हाणीघराच्या भिंतीतून मागं एक जुना, वापरात नसलेला पाइप बाहेर आलेला होता. त्या वर्षी वकीलसाहेबांच्या बायकोनं त्यात काड्या कोंबल्या. आक्कांनी लगेच फर्मान काढलं, "तंगी, महिनाभर खाली अंघोळीला ये. तुझ्या बादलीच्या आवाजानं ती अंड्यावरनं उठती." मी टॉवेल खांद्यावर टाकून रोज खाली जायला लागले. खोतकाका भिंतीवरून म्हणायचे, "काय प्राध्यापिकाबाई, बेघर झालाय व्हय?" मार्च गेला. एप्रिलमध्ये पाइपातून चिरचिर ऐकू यायला लागली. नवरा-बायको दिवसभर चोचीत काहीतरी धरून येत-जात होते. आक्कांचं पायरीवरून उठणं कमी झालं.

मग निपाणीला भाच्याचं लग्न निघालं. दोन दिवसांसाठी आक्का गेल्या. मी परीक्षेच्या सुपरव्हिजनला. अजितदादाला आईनं पाइपाचं काही सांगितलं नव्हतं. मुद्दाम नव्हे, सांगायचं सुचलंच नसावं. त्यांना वाटायचं, जे आपल्याला दिसतं ते घरात सगळ्यांनाच दिसतं. दादानं आई नाही तोवर घराची डागडुजी करून घ्यावी म्हणून प्लंबर बोलावला. प्लंबरनं सकाळी तो पाइप उपटून अंगणात टाकला.

दुपारी मी आले तेव्हा पाइप उन्हात पडलेला. काड्या बाहेर सांडलेल्या. चारांतली तीन पिल्लं गेली होती. एक धडपडत होतं. पिसं नुकती फुटलेली, डोळे उघडे. आक्का तासाभरात निपाणीहून आल्याच. पाइप बघितला, दादाकडं बघितलं. दादा म्हणाला, "आव्वा, मला काय ठाऊक?" त्या म्हणाल्या, "तुला ठाऊक न्हवतं. शिडी आण."

आम्ही बुटाचं खोकं भिंतीला पाइप होता त्याच उंचीवर बांधलं, पिल्लू आत ठेवलं आणि लांब जाऊन बसलो. आई-बाप येतील म्हणून. वकीलसाहेब एकदा अँटेनावर आले, ओरडले आणि गेले. बायको दिसलीच नाही. ऊन उतरलं तरी कुणी आलं नाही. खोक्यातला आवाज बारीक होत चालला.

आक्कांनी खोकं खाली घेतलं. पिल्लानं त्यांच्याकडं बघून चोच उघडली. आत पिवळं-लाल, अख्ख्या पिल्लापेक्षा मोठं तोंड.

मला एकदम सोपं वाटलं. मी म्हटलं, "आक्का, तुम्ही आत जावा. लिंबावर अळ्या हायत. मी घालते. आमच्यात काय न्हाय तसलं."

आक्कांनी माझ्याकडं असं बघितलं की मी हात मागं घेतला.

"तुमच्यात न्हाय म्हणून तुझ्या डोक्यावर घालू व्हय?"

"पाप लागायचं तर मला लागंल. मी मानत न्हाय ते."

"तू मान न्हायतर नको मानू. आमच्यात करणं, दुसऱ्याकडनं करवून घेणं आणि केलेल्याला बरं म्हणणं, तिन्ही एकाच मापात. तू अळी उचललीस न् मी आत बसून राहिलो, तर उचलली मीच." "तुझा आज्जा गावची मेलेली ढोरं वढत हुता म्हणालीस एकदा. का वढत हुता? बाकीच्यांस्नी हात लावायचा न्हवता म्हणून. तसलं मी तुझ्याकडनं करवून घेणार न्हाय."

मी इतिहास शिकवते. या विषयावर वर्गात तासभर बोलते, तावातावानं बोलते. पण त्या दिवशी ‘आमच्यात काय न्हाय तसलं’ हे वाक्य मी किती सहज बोलून गेले होते, ते मला त्या बाईनं दाखवलं. कुणी न सांगता मी ओझ्याखाली खांदा द्यायला गेले होते.

मग निम्मं पाप वाटून घ्यावं अशा बेतानं दादा पुढं झाला. "आव्वा, मी करतो. चूक माझी हाय."

"सर बाजूला," आक्का म्हणाल्या. दादानं विचारलं, "बस्तीतल्या मुनिमहाराजांना विचारून यावं का?" तर म्हणाल्या, "विचारलं तर नको म्हणतील. मग मी काय करू?"

पायात चपला न घालता त्या लिंबापाशी गेल्या. पान वाकवलं. हिरवी अळी होती, करंगळीच्या पेराएवढी. त्यांचे ओठ हलत होते, णमोकार मंत्र चालला असावा. हात इतका कापत होता की पहिली अळी खाली पडली. दुसरी त्यांनी चिमटीत धरली, खोक्यापाशी आल्या आणि पिल्लाच्या चोचीत घातली. पिल्लानं गिळली आणि लगेच पुन्हा तोंड उघडलं.

"आणखी मागतंय," आक्का म्हणाल्या. तो आवाज मी त्याआधी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यात भीती होती आणि आनंदही होता, आणि आनंदाचीच जास्त भीती वाटत असावी.

पुढचे नऊ दिवस सकाळी उजाडल्यापासून दिवस बुडेपर्यंत दर अर्ध्या तासाला त्या लिंबाकडं, कढीपत्त्याकडं जात होत्या. प्रत्येक अळीला एक णमोकार. मी मदत करायची ती एवढीच, खोक्यातली घाण काढायची आणि मांजर हाकलायचं. ते आक्कांनी मला करू दिलं. चौथ्या दिवशी हात कापायचा थांबला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. "सवय लागली," म्हणाल्या, "ह्येच वाईट."

तरी चेष्टा सुटली नव्हती. ऊन कललं की पिल्लू चोच मिटून गोळा होऊन बसायचं. काही केल्या तोंड उघडायचं नाही. आक्का म्हणायच्या, "बघ, ह्ये आमच्यातलंच. दिवस बुडाल्यावर खाईत न्हाय."

दहाव्या दिवशी ते खोक्यातून उडून पेरूवर बसलं. आक्कांनी अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसल्या आणि बस्तीत महाराज आले होते त्यांच्यापुढं जाऊन सगळं सांगून आल्या. परतल्या तेव्हा मी पायरीवर होते. विचारलं, "काय म्हणाले?"

"ते माझं न् त्यांचं."

पण त्यानंतर मी तिथं होते तोवर त्यांच्या ताटात कधी गोड दिसलं नाही. होळीची पोळी म्हणजे ज्यांचा जीव की प्राण, त्या बाईनं गुळाकडं बघायचं सोडलं. महाराजांनी सांगितलं होतं की स्वतःच सोडलं, मला ठाऊक नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं. पण हातावर वाढलेलं पिल्लू, ते कुठं जाणार? भुकेच्या वेळी ते स्वयंपाकघराच्या खिडकीत यायचं, पंख थरथरवून चोच उघडायचं. शेपटी वाढली होती, छातीवर करडा रंग आला होता, उडायला तर अगदी छान यायला लागलं होतं. तरी मागायचं. आक्का सुरुवातीला द्यायच्या, मग कमी कमी करत गेल्या. मे संपता संपता त्यांनी द्यायचं थांबवलं. ते खिडकीत ओरडत राहायचं आणि त्या दोन्ही हात पदराखाली घेऊन पाटावर बसून राहायच्या. मला बघवत नव्हतं. मी म्हटलं, "आक्का, एखादी द्या. उपाशी मरंल."

"मी दिलं तर त्याला येणार न्हाय."

"आणि आलंच न्हाय तर?"

बुलबुलाचं ते पिल्लू आम्हा दोघींच्याही मनात होतं. या खेपेला तर अळ्यांचे जीवही गेलेले होते. हे पिल्लू गेलं असतं तर ते सगळंच फुकट गेलं असतं.

त्याच आठवड्यात मला राधानगरीच्या कॉलेजात कायम नेमणूक मिळाली. आमच्या घरातली पहिली कायम नोकरी. आप्पांनी कबनूरला गल्लीभर पेढे वाटले. आक्कांनी पेढा हातात घेतला, कपाळाला लावला आणि अजितदादाच्या हातात दिला. मला म्हणाल्या, "तिकडं रान लई हाय म्हणत्यात. बघत जा. सारखं पुस्तकातच नको."

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी टेम्पो आला. सामान म्हणजे काय, एक कॉट, पुस्तकांची खोकी, गॅस. दादानं स्वतः उभं राहून सगळं चढवलं. आक्का कुठं दिसेनात. मी पाया पडायला म्हणून घराला वळसा घालून मागं गेले.

त्या धुण्याच्या दगडाच्या अलीकडं, ओल्या जमिनीवरच बसल्या होत्या. पाठ माझ्याकडं. मी "आक्का" म्हणायला तोंड उघडलं तोच त्यांनी मागं न बघता उजवा हात वर केला. थांब.

दगडापलीकडं पिल्लू होतं. रात्री सर येऊन गेल्यानं माती मऊ झाली होती. ते दोन उड्या मारून पुढं आलं, मान तिरकी केली, आक्कांकडं बघून चोच उघडली. आक्का हलल्या नाहीत. ते जरा वेळ तसंच राहिलं. मग खाली वळलं, मातीत चोच मारली. काही नाही. पुन्हा मारली. या खेपेला काहीतरी लांबट वळवळणारं ओढून काढलं, दगडावर आपटलं आणि गिळलं. लगेच पुढच्या जागी गेलं आणि पुन्हा टोचायला लागलं. आक्कांकडं त्यानं बघितलं नाही.

समोर टेम्पोवाला हॉर्न देत होता. आक्कांचा हात तसाच वर होता. त्या मला थांबवून ठेवत होत्या की मी आलेय हे विसरून गेल्या होत्या, सांगता येत नाही. खांदे मात्र हलत होते. आवाज नव्हता.

दिवाळीनंतर त्या गेल्या. दादाचा फोन आला, झोपेतच गेल्या म्हणाला. माझं मधे जाणं झालं नव्हतं, नवी नोकरी, नवा गाव. त्यामुळे मी शेवटच्या पाहिलेल्या आक्का त्या धुण्याच्या दगडापाशी बसलेल्याच. त्या सकाळी मी पाया पडले नाही, जाते म्हणाले नाही. चपला हातात घेतल्या आणि ते पाखरू उडू नये म्हणून उलट्या पावलांनी, भिंतीला धरून, हळूहळू मागं सरले.